मॅग्नोलियाला 'पांढरा चाफा' म्हणावं का?

प्रश्न असा आलाय: कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावरच्या डोंगरी जंगलातल्या एका सदाहरित मॅग्नोलियावरचा लेख मराठीत आणायचाय. फुलं पांढरी, सुवासिक. मग 'पांढरा चाफा' चालेल का? आणि लेखात त्या झाडाची जी 'व्हल्नरेबल' ही श्रेणी दिलीय, तिला 'दुर्मिळ' म्हणावं का?

पांढरा चाफा नको. हे शब्द वाचले की आपल्या डोळ्यांपुढे देवळामागचा खुरचाफा येतो. पानं झडून बोडका झालेला, फांदी मोडली की चीक गाळणारा. त्याचं कूळच वेगळं. गंमत म्हणजे खुरचाफ्याची एक पांढरी जात मूळची त्याच कॅरिबियन बेटांवरची. म्हणजे तिथल्या एका झाडाला तिथल्याच दुसऱ्याचं नाव दिल्यासारखं होईल.

मराठीत 'चाफा' हे कुळाचं नाव कधी नव्हतंच. संस्कृतातला चंपक तो आपला सोनचाफा. बाकीचे कुणी वासामुळे, कुणी रूपामुळे चाफे झाले. हिरवा चाफा तर सीताफळाच्या कुळातला! मॅग्नोलियाच्या गणातला आहे तो सोनचाफा. त्याची डहाळी हातात घेऊन बघा. पान फुटतं तिथे डहाळीभोवती बांगडीसारखा बारीक वण असतो, नखाला लागतो. कोवळ्या अंकुरावरचं टोपण गळून पडतं, त्याची ती खूण. मार्टिनिकच्या झाडावरही तीच सापडेल.

आता नावाकडे. शार्ल प्ल्युमिए या फ्रेंच साधूने १७०३ साली मार्टिनिकच्याच एका झाडासाठी 'मॅग्नोलिया' हा शब्द घडवला, फ्रान्समधल्या माँपेलिए शहराच्या प्येर मान्योल या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून. पुढे लामार्क या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने लेखातल्या या झाडाला चक्क सीताफळाच्या गणात घातलं होतं. 'बारा पाकळ्यांचा' हे त्याने दिलेलं लॅटिन विशेषण मात्र आजही टिकून आहे. आणि खुरचाफ्याचं शास्त्रीय नाव? प्लुमेरिया, याच प्ल्युमिएवरून. एकाच माणसापाशी आपले दोन चाफे असे येऊन भेटतात.

तेव्हा 'मॅग्नोलिया'च ठेवा. पहिल्या उल्लेखात 'सोनचाफ्याच्या गणातलं झाड' एवढं जोडलंत की वाचकाला नाळ सापडते.

'दुर्मिळ'ही नको. दुर्मिळ म्हणजे क्वचित आढळणारं. 'व्हल्नरेबल' ही नामशेष होण्याच्या जोखमीची श्रेणी, 'संकटग्रस्त'च्या एक पायरी अलीकडची. तिला 'असुरक्षित' हा शब्द रुळलाय. मला तो जरा सरकारी वाटतो, पण अर्थ चुकवत नाही.