कावळा एवढा हुशार, मग कोकिळेचं पिल्लू का पोसतो?

तुम्ही विचारलंय : ‘घरासमोरच्या कडुनिंबावर कावळी कोकिळेच्या पिल्लाला भरवताना रोज दिसते. कावळा इतका हुशार म्हणतात, मग हे आपलं लेकरू नाही, एवढं त्याला कळू नये?’

मी नागपुरातच जीवशास्त्र शिकवते. जून-जुलै आला की वर्गात हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. सिव्हिल लाइन्स, धरमपेठ, महाराजबाग, जिथे जिथे जुनी मोठी झाडं टिकून आहेत तिथे हे दृश्य दिसतं. गेल्या जूनमध्ये कॉलेजच्या आवारात मी ते बराच वेळ पाहत उभी होते. पिल्लू घरट्यातून बाहेर पडून फांदीवर बसलेलं, अंगाने काळपट, पंखांवर बारीक फिकट ठिपके. कावळा स्टाफरूमच्या कूलरखाली साचलेल्या पाण्यात पोळीचा तुकडा भिजवत होता. तुकडा मऊ झाल्यावर त्याने तो चोचीत धरून वर नेला. तो दिसताच पिल्लू पंख थरथरवत, चोच वासून असं काही ओरडायला लागलं की खालची मुलं वर बघायला लागली. पोळी थेट त्याच्या घशात गेली, आणि कावळा लगेच दुसऱ्या फेरीला निघाला.

आता तुमच्या प्रश्नाकडे. कावळ्याच्या हुशारीबद्दल शंका नको. अमेरिकेत सिअ‍ॅटलला जॉन मार्झलफ यांच्या गटाने ठरावीक मुखवटा घालून तिथल्या कावळ्यांना पकडलं आणि सोडून दिलं. पुढे कितीतरी वर्षं तो मुखवटा दिसला की कावळे कालवा करायचे. तिथली जात वेगळी असली तरी आपला गावकावळाही काही मागे नाही. आणि मोठी कोकिळा तर तो नक्की ओळखतो. घरट्याच्या आसपास दिसली की तिला हुसकून लावल्याशिवाय राहत नाही. कोकीळ-कोकिळेची जोडी याचाही फायदा घेते. कधी नर समोर येऊन कुहूकुहू करतो (हो, कुहू करणारा नर असतो, मादी नाही), कावळे त्याच्या मागे लागतात आणि तेवढ्यात मादी घरट्यात अंडं घालून जाते. कधी ती एकटीच संधी साधते. म्हणजे शत्रू ओळखतो, पण शत्रूचं अंडं नि पिल्लू ओळखत नाही, असा हा प्रकार आहे.

माझं उत्तर थोडक्यात असं की ओळखायला जाणं कावळ्याला महाग पडतं. उत्क्रांतीत एखादी सवय टिकते ती तिच्या जमाखर्चावर. शहाणपणाचे वेगळे मार्क तिथे मिळत नाहीत.

अंड्यापासून सुरुवात करू. कावळ्याचं अंडं फिकट निळसर-हिरवं, त्यावर तपकिरी ठिपके आणि रेघा. कोकिळेचं आकाराने लहान, राखाडी-हिरवट, त्यावर लालसर तपकिरी डाग. हातात घेऊन पाहिलं तर आपल्याला फरक कळेल. पण एकाच कावळीची चार-पाच अंडीही एकमेकांसारखी नसतात. एखाद्यावर ठिपके दाट, एखाद्यावर विरळ. जी कावळी ‘हे जरा वेगळं दिसतंय’ म्हणून अंडं बाहेर टाकायला लागेल, ती कधी ना कधी स्वतःचंच टाकेल. ज्या वर्षी तिच्या घरट्यात कोकिळा आलीच नाही त्या वर्षी तर ही चूक म्हणजे निव्वळ तोटा. उलट कोकिळेचं अंडं राहू दिलं तर काय बिघडतं? बिघडतं, पण सगळं बुडत नाही. इथेच आपली कोकिळा विलायती कक्कूपेक्षा (कोकिळेच्याच कुळातला, असाच दुसऱ्या पक्ष्यांच्या घरट्यात अंडी घालणारा पक्षी) वेगळी पडते. एडवर्ड जेन्नर, देवीच्या लशीचे तेच, त्यांनी १७८८ मध्ये लिहून ठेवलं की कक्कूचं नुकतं जन्मलेलं उघडं पिल्लू पाठीवर घेऊन यजमानाची अंडी-पिल्लं घरट्याबाहेर ढकलतं. आपल्या कोकिळेचं पिल्लू असं करत नाही. त्याचं अंडं १३-१४ दिवसांत फुटतं, कावळ्याचं १६-१७ दिवसांत. त्यामुळे ते आधी येतं, आधी खायला लागतं आणि कावळ्याच्या पिल्लांचा घास कमी होतो. काही पिल्लं मरतातही. पण बऱ्याच घरट्यांतून दोन्हींची पिल्लं उडून जातात.

तोटा पूर्ण असेल तर काय होतं, हे पाहायचं असेल तर इंग्लंडकडे बघा. निक डेव्हिस आणि मायकेल ब्रुक यांनी १९८० च्या दशकात तिथल्या पाणथळ जागी रीड वॉर्बलरच्या घरट्यांत रंगवलेली खोटी अंडी ठेवून पाहिली. आपल्या वटवट्याच्या कुळातला हा जेमतेम १२ ग्रॅमचा पक्षी. स्वतःच्या अंड्यांशी न जुळणारी अंडी त्याने बरीच नाकारली, जुळणारी ठेवून घेतली. मग हेच दोघे आइसलँडला गेले. तिथे कक्कू विणीसाठी येत नाही. तिथल्या पक्ष्यांना अंड्यांची पारख त्याच जातींच्या इंग्लंडमधल्या भाईबंदांपेक्षा कमी निघाली. मला वाटतं, ही पारख म्हणजे नुसती अक्कल नव्हे, शत्रूच्या दबावाखाली पिढ्यानपिढ्या घडलेली गोष्ट आहे, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो. विदर्भातही याचा एक नमुना आहे. पावसाबरोबर येणारा चातक सातभाईच्या घरट्यात अंडं घालतो, आणि ते सातभाईच्या अंड्यासारखंच निळंशार असतं.

पण अंड्यात इतका चोखंदळ असलेला तोच रीड वॉर्बलर, पिल्लू एकदा बाहेर आलं की आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या कक्कूला मुकाट्याने भरवत राहतो! डेव्हिस, रेबेका किलनर आणि डेव्हिड नोबल यांनी १९९८ मध्ये दाखवलं की कक्कूचं एकटं पिल्लू असं भराभर ओरडतं की ऐकणाऱ्याला ती वॉर्बलरच्या अख्ख्या घरट्यातली पिल्लं वाटावीत. आईबाप त्या आवाजाच्या हिशेबाने आणत राहतात. मी कॉलेजच्या आवारात पाहिलेलं ते पिल्लू ओरडत होतं तेव्हा मला हेच आठवलं.

पिल्लू का ओळखत नाहीत, याचा मला सगळ्यात पटलेला युक्तिवाद आर्नॉन लोटेम यांनी १९९३ मध्ये मांडला. समजा, पक्षी पहिल्या विणीतलं पिल्लू पाहून ‘आपलं पिल्लू असं दिसतं’ हे शिकतो. पहिल्याच विणीत घरट्यात एकटं कक्कूचं पिल्लू उरलं असेल, तर तो तेच आपलं मानेल आणि पुढच्या वर्षी स्वतःची खरी पिल्लं परकी म्हणून टाकून देईल. एका चुकीची शिक्षा जन्मभर. त्यापेक्षा अजिबात न शिकलेलं बरं. कावळ्याच्या घरट्यात तर दोन्ही पिल्लं शेजारीशेजारी वाढतात. शिकायला गेला तरी तो दोन्ही आपलीच म्हणून शिकेल. त्यात भर म्हणजे कोकिळेचं पिल्लू मादी असलं तरी सुरुवातीला बापासारखं काळपट असतं. आईचा तपकिरी, ठिपक्या-पट्ट्यांचा वेश नंतर येतो.

म्हणजे पिल्लू ओळखणं अशक्यच आहे का? तसं नाही. ऑस्ट्रेलियात फेअरी-रेन नावाचा चिमुकला पक्षी आहे. नाओमी लँगमोर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवलं की घरट्यात कक्कूचं पिल्लू एकटं उरलं की या पक्ष्याची मादी बऱ्याचदा ते तसंच सोडून निघून जाते आणि नवीन घरटं बांधते. २०१२ मधल्या एका अभ्यासात तर असं दिसलं की ही मादी अंडी उबवतानाच एक खास हाक देते. अंड्यातली पिल्लं ती शिकतात आणि बाहेर आल्यावर भीक मागताना त्यातलाच सूर लावतात. हे वाचून मला फार आनंद झाला होता, अजूनही होतो. पण तिथे कक्कू सगळं घरटं साफ करतो, त्यामुळे ओळखण्याचा फायदाही मोठा आहे. कावळ्याच्या बाबतीत तो तितका नाही.

राहिला प्रश्न ‘बिचारा कावळा’ आणि ‘लबाड कोकिळा’चा. मी वर्गात हे शब्द वापरू देत नाही. एक म्हणजे कोकिळेला स्वतःचं घरटं बांधताच येत नाही. दुसरं म्हणजे नुकसान किती, हेही दरवेळी मोजूनच सांगावं लागतं. उत्तर स्पेनमध्ये काळ्या कावळ्याच्या घरट्यात वाढणारं कक्कूच्या एका जातीचं पिल्लू धोका दिसला की असा घाण वास सोडतं की शिकारी प्राणी मागे सरतात. २०१४ मध्ये तिथल्या अभ्यासात दिसलं की शिकारी जास्त असलेल्या वर्षांत अशा घरट्यांतून कावळ्याचं किमान एक पिल्लू उडण्याची शक्यता उलट वाढते. तिथले दोन्ही पक्षी वेगळे आहेत, ते जसंच्या तसं आपल्या कोकिळेला लावू नका. पण आधीच निकाल देऊ नये, एवढं त्यातून घ्या.

आणि कृपा करून कावळ्याची दया येऊन कोकिळेचं पिल्लू घरट्यातून काढू नका. दरवर्षी कुणीतरी हे करतं. ते पिल्लू हाताने वाढवणं सोपं नसतं आणि घरट्यात हात घातल्याने कावळ्याच्या पिल्लांचंही काही भलं होत नाही.

त्याऐवजी रोज सकाळी अर्धा तास गच्चीवरून बघा आणि वहीत लिहा : घरट्यात किंवा आजूबाजूला कावळ्याची स्वतःची पिल्लं किती आहेत, कोण किती वेळा घास आणतो, एकाच वेळी दोन चोची उघडल्या तर घास आधी कुणाला जातो. फार जवळ जाऊ नका, पिल्लं उडायला लागली की कावळे डोक्यावर झेपावतात. तुमच्या कडुनिंबावरून कावळ्याची किती पिल्लं उडाली ते खाली कळवा, माझ्या मुलांना कॉलेजमधल्या नोंदींशी ताडून बघायचं आहे.