धुकं हवं, चिखल नको

प्रश्न: आमचा रॉक बँड पहिला अल्बम सोलापुरात घरीच रेकॉर्ड करतोय. स्वप्नाळू आवाजासाठी रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) वाढवला की शब्दच कळत नाहीत. काय चुकतंय?

उत्तर: रिव्हर्ब थेट गायनाच्या ट्रॅकवर लावलाय बहुतेक. तो वेगळ्या ऑक्स ट्रॅकवर (फक्त इफेक्टसाठीच्या जोड-ट्रॅकवर) ठेवा, सेंडने, म्हणजे तिकडे प्रत धाडणाऱ्या नॉबने, गायनाचा आवाज हवा तेवढा पाठवा. प्री-डिले (घुमारा सुरू होण्याआधीची उसंत) 40 मिलिसेकंद, म्हणजे आधी शब्द पोचतो, मग धुकं. डिके (घुमारा विरायला लागणारा वेळ) 3 सेकंद पुरे. त्याच ऑक्सवर 300 हर्ट्झखालचं कापा. चिखल तिथेच होतो. गिटारला डॉटेड-एट्थ डिले (पाऊण ठोक्याने येणारा प्रतिध्वनी), 100 बीपीएमला (मिनिटाला 100 ठोके) 450 मिलिसेकंद. बेस, किक ड्रम कोरडेच (रिव्हर्बविना) बरे.

आणि खोलीचा घुमारा आधी मारा. कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज पकडणारा) माइक गाणाऱ्यामागची भिंतही ऐकतो. तिथे दोन जाड सोलापुरी चादरी भिंतीपासून वीतभर सोडून टांगा. (घरात चादरींना तोटा नसेलच!) खर्ज त्यांनी थांबत नाही, तारस्वरातला खणखणाट मात्र कमी होतो.