लडाखमध्ये तर बर्फ पडतो, मग त्याला वाळवंट का म्हणतात?
कारण वाळवंट ठरतं ते पावसावरून. वाळू किंवा ऊन असलंच पाहिजे असं नाही. वर्षाला साधारण २५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस-बर्फ पडणारा प्रदेश म्हणजे वाळवंट. लेहमध्ये जेमतेम १०० मिलिमीटर पडतो, कारण मान्सूनचे ढग हिमालयाच्या दक्षिण उतारावरच रिते होतात. म्हणून तिथे मैलोन्‌मैल उघडे तपकिरी डोंगर दिसतात. गावाजवळ मात्र वितळलेल्या बर्फाचं पाणी पाटांनी आणून लोक जव आणि जर्दाळू पिकवतात, ती हिरवाई खरंच बघण्यासारखी असते! नुब्रा खोऱ्यात हुंडरला वाळूच्या टेकड्या आणि दोन वशिंडांचे उंटही आहेत. सहाराचाही बराचसा भाग खडकाळच आहे. आणि जगातलं सर्वांत मोठं वाळवंट म्हणजे बर्फाने झाकलेलं अंटार्क्टिका.