क्रिप्टो वॉलेटच्या सीड फ्रेजचा (ज्यांनी वॉलेट कुठूनही उघडता येतं अशा 12 किंवा 24 गुप्त शब्दांचा) फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवला तर चालेल का?

नाही, फोटो अजिबात ठेवू नका; आधीच काढला असेल तर तो डिलीट करून भागणार नाही, आजच नवं वॉलेट तयार करून त्यात सगळी नाणी हलवा. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो डिलीट केल्यावरही 60 दिवस ट्रॅशमध्ये राहतो, आणि तोवर तो आणखी कुठे पोहोचला हे कळायला मार्ग नसतो. बहुतेक वॉलेटचे शब्द 2048 इंग्रजी शब्दांच्या एकाच ठरलेल्या यादीतले असतात, त्यामुळे फोटोतून ते हुडकणं प्रोग्रॅमला सोपं जातं. फेब्रुवारी 2025 मध्ये कॅस्परस्की या सायबर सुरक्षा कंपनीने उघड केलेलं 'स्पार्ककॅट' हे घातक सॉफ्टवेअर नेमकं हेच करत होतं: गॅलरीतल्या फोटोंमधला मजकूर वाचून सीड फ्रेज शोधायची. त्याची लागण झालेली ॲप्स प्ले स्टोअर आणि ॲप स्टोअरवरही सापडली, म्हणजे 'मी बाहेरची ॲप्स टाकत नाही' एवढ्यावर निर्धास्त राहू नका.

शब्द क्रमाने, हाताने कागदावर लिहा. दोन प्रती करा, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, आणि पावसाळ्यातल्या ओलीपासून जपा. रक्कम मोठी असेल तर स्टीलच्या पट्टीवर कोरून घ्या, पण स्वतःच कोरा. दुकानदाराला ते शब्द दाखवायचे नाहीत.

मात्र हे सगळं स्वतःच्या वॉलेटपुरतं. नाणी एक्स्चेंजवर (क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या कंपनीकडे) असतील तर किल्ल्या, म्हणजे नाणी हलवण्याचे गुप्त कोड, त्या कंपनीकडे असतात. जुलै 2024 मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजवरून सुमारे 23 कोटी डॉलरची चोरी झाली, तेव्हा ग्राहकांच्या हातात काहीच नव्हतं.