जेवढी बाग, तेवढीच टाकी

प्रिय पोरी,

रविवारी तू लॅपटॉप उघडून बसलीस आणि मी मधेच उठून बागेत निघून गेलो, त्याचा तुला राग आला असेल. तुझी काकू नंतर मला बरंच बोलली. पण त्या तक्त्यात तिसऱ्या वर्षाखाली चाळीस हजार लिटर वाइन हा आकडा दिसला आणि माझ्या पोटात गोळा आला. तुमच्याकडे वाइनची द्राक्षं आहेत किती? गोठ्यामागच्या चार ओळी शिराझ. बाकी पाच एकर थॉमसन, ती खायची. "बाहेरून घेऊ ना काका, करार करून." किती सहज म्हणालीस!

तात्याही असंच म्हणाले होते. नाही, खोटं कशाला लिहू, आधी मी म्हणालो होतो. तुझे आजोबा नुसते हो म्हणाले.

तुझे बाबा म्हणतात प्लॉट पाडू, मामा म्हणतो लेबल कुणाला तरी देऊन टाका, आणि तुला तात्यांची वायनरी पुन्हा सुरू करायचीय. यात कुणाचं बरोबर, ते मी सांगणार नाही. तू ठरवूनच आली होतीस, ते दिसत होतं. मी एकच सांगेन: जेवढी बाग, तेवढीच टाकी. बाहेरचा एक क्रेटही आत घ्यायचा नाही.

तुला त्या वेळची हवा माहीत नाही. गंगापूर धरणाजवळ सुला उभी राहिली, २००० साली तिची पहिली वाइन बाजारात आली. २००१ साली सरकारने द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, उत्पादन शुल्क माफ झालं, विंचूरला वाइन पार्क झाला. दिंडोरी आणि निफाडमध्ये ज्याच्या त्याच्या तोंडी वायनरी. मी आणि तात्यांनी २००५ साली एकाच महिन्यात टाक्या बसवल्या. पहिली दोन वर्षं आपापल्या बागेचीच वाइन केली, विकलीही गेली. तिथेच थांबायला हवं होतं. २००७ साली मी अकरा बागायतदारांशी करार केले आणि तात्यांना म्हणालो, तुम्ही मोठी टाकी घ्या, कर्ज मिळतंय. त्यांनी घेतली.

२००८च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला. हॉटेलं ओस पडली, जगभर मंदी होतीच. आमच्या टाक्यांत जुनी वाइन तशीच पडून, आणि फेब्रुवारीत घड तयार. द्राक्ष काही मंदी संपायची वाट बघत नाही. सकाळी सहाला फाटकाबाहेर क्रेट भरलेल्या पिकअप उभ्या, आणि आत टाकी रिकामी नाही. शिराझ बाजारात न्यायची सोय नाही. बारीक मणी, आत बी, खायला कोण घेणार? थोडा माल उधारीवर घेतला, बाकीच्यांना हात जोडले. नंतर कुणी जेसीबी लावून बाग काढली, कुणी खोड कापून त्यावर थॉमसनचं कलम केलं. माझी पाच हजार लिटर वाइन शेवटी आंबली. उत्पादन शुल्कचा माणूस समोर उभा करून ओतून दिली. तीन दिवस वास जात नव्हता. अकरांपैकी शेवटच्याचे पैसे मी २०१६ साली फेडले. तो अजूनही मी टपरीवर आलो की अर्धा चहा ठेवून उठतो.

तू म्हणशील, मोठ्या कंपन्या शेतकऱ्यांच्या द्राक्षांवरच चालतात. चालतात, आणि त्या करारांवर इथल्या कितीतरी घरांत पोरं शिकली, हेही खरं. पण दोन वर्षं माल पडून राहिला तरी बसून खायची ताकद त्यांच्याकडे आहे. आपल्याकडे सोसायटीचा हप्ता आहे. त्या तक्त्यात तू व्हॅटचा परतावाही धरलायस, वीस टक्क्यांतले सोळा. योजना आहे, नाकारत नाही. पण सरकारी पैसा हातात पडेल तेव्हा आपला. त्याच्या भरवशावर बाटल्यांची ऑर्डर देऊ नकोस.

दोन एकर शिराझ धर. एकरी चार टन म्हणजे आठ टन. टनाला सहाशे-साडेसहाशे लिटर निघते, म्हणजे पाच हजार लिटर, साडेसहा हजार बाटल्या. एवढ्या तू आणि तुझा भाऊ स्वतः विकू शकता. जास्त मागणी आली तर संपली म्हणून सांगायचं. "संपली" म्हणायला लाज वाटते, माहितीये मला. माझा धाकटा भाऊ याच शब्दावरून मला भित्रा म्हणतो. चार वर्षांपूर्वी मी एकांना भागीदारीला नकार दिला, ते त्याने अजून सोडलेलं नाही. आमची वायनरी तीन टाक्यांची राहिली ती माझ्यामुळे, असं तो पाहुण्यांसमोर बोलतो. राहिली तर राहिली! तीनही टाक्या फिटल्यात आणि फाटकाबाहेर कुणी उभं नाही. आता हे तुला समजावतोय की त्याला, कुणास ठाऊक.

नुसती भीती म्हणूनही सांगत नाही. करारातल्या मालाची सात-बारासारखी नोंद हातात येते: ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, तेवीस, बस. स्वतःच्या बागेत तसं होत नाही. रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर रसाचा थेंब टाकून आकडा बघायचाच, पण मग मणी तोंडात टाकून बी चावायची. हिरवट, तुरट लागली तर थांबायचं. तपकिरी होऊन भाजल्या शेंगदाण्यासारखी कडकन फुटली की दुसऱ्या दिवशी पहाटे माणसं लावायची. हे तात्यांनी मला शिकवलं. करार करून घेतलेल्या बागेत रोज सकाळी बी चावायला जाणार आहेस का तू? अकरा बागांत? मी गेलो नव्हतो.

टेस्टिंग रूम, राहायच्या खोल्या, ते सगळं नंतर. टाक्यांना काही झालेलं नाही, स्टील आहे. थंड करायचं यंत्र मात्र भंगारात गेलं, ते नवीन लागेल.

आणि त्या चार ओळी. तात्यांनी सगळी शिराझ काढली तेव्हा आजी जेसीबीसमोर उभी राहिली होती, कारण त्या तारांवर ती गोधड्या वाळत घालायची. नंतर दरवर्षी दोन्ही छाटण्या तिनेच करून घेतल्या, भुरी रोगाला गंधकसुद्धा मारायला लावलं. याच महिन्यात दोन एकरांत डॉगरिज, म्हणजे कलमासाठीचं खुंट, लावून घे. सप्टेंबरात कलमाला काड्या याच ओळींतून काढू. आधी वेलींना रोग-बिग नाही ना, ते तपासून घ्यावं लागेल. मी येईन. आजीला मात्र तूच विचार, आणि गोधड्यांसाठी दुसरी तार बांधून दे.

तुझा,
काका