ऑप्शनमध्ये तोटा झाला की तो लगेच भरून काढायची घाई सुटते. मनावर ताबा कसा ठेवायचा?

सहा महिन्यांत दीड लाख गेले, दरवेळी चूक कळते, तरी तोटा झाला की पुढचा सौदा टाकायला हात शिवशिवतात आणि घरी फक्त पन्नास हजारच सांगितलेत, असं तुम्ही लिहिलंय. यातलं एकेक मी भोगलंय, म्हणून उत्तर लिहायला बसलो.

अमळनेरला आमचं खत-बियाण्याचं दुकान आहे, मी आणि मोठा भाऊ मिळून चालवतो. आमच्या गावात शेअर म्हटलं की पहिलं नाव विप्रोचं. 1945 साली ती कंपनी इथेच, वनस्पती तेलाच्या कारखान्यापासून सुरू झाली. ज्या घरांनी जुने शेअर विकले नाहीत, त्यांच्याकडे बोनसवर बोनस जमत गेले आणि ती घरं कुठल्या कुठे गेली. त्या गोष्टी ऐकतच आम्ही वाढलो. ज्याने धरून ठेवलं त्याचं झालं, हे डोक्यात पक्कं बसलं. चांगल्या शेअरच्या बाबतीत ते खरंही आहे. ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या तारखेपर्यंत बाजार वर जाईल की खाली यावर पैसे लावायचा सौदा. तिथे त्याच सवयीने माझा घात केला.

1 जून 2024ला संध्याकाळी लोकसभेचे एक्झिट पोल आले. सोमवारी, 3 तारखेला, निफ्टी तीन टक्क्यांहून जास्त चढून 23,263वर बंद झाला. मी दुपारीच त्या गुरुवारच्या एक्स्पायरीचे, म्हणजे गुरुवारी मुदत संपणारे, 23,500चे कॉल (बाजार चढला तर फायदा देणारे ऑप्शन) घेऊन ठेवले होते, 48 हजारांचे. मंगळवारी निकाल. दुकानात कपाशीच्या पाकिटांसाठी रांग लागलेली आणि माझा मोबाइल काउंटरखाली. साडेदहापर्यंत प्रीमियम, म्हणजे ऑप्शनचा भाव, निम्म्याच्याही खाली आला. तेव्हाच निघालो असतो तर पंचवीस-तीस हजारांवर भागलं असतं. मी आणखी कॉल घेतले, ॲव्हरेज केलं, म्हणजे स्वस्तात घेऊन सरासरी भाव खाली आणला. ते पैसे बियाण्याच्या कंपनीला द्यायच्या चेकसाठी चालू खात्यात ठेवलेले होते.

बाराच्या पुढे निफ्टी 21,300च्या आसपास आला आणि कॉल मातीमोल झाले. तो क्षण अजून अंगात आहे. कान तापलेले, समोरचा शेतकरी "दोन पाकिटं द्या" म्हणतोय ते ऐकू येतंय पण डोक्यात शिरत नाहीये, आणि अंगठा पुट, म्हणजे बाजार पडला तर फायदा देणारे ऑप्शन, शोधतोय. बाजार वर जाईल की खाली, याबद्दल त्या वेळी माझं काहीच मत नव्हतं. मला माझे पैसे परत पाहिजे होते, बस. पुट घेतले ते सगळ्यात महाग वेळेला. बाजारातली धास्ती मोजणारा विक्स तिशीच्या घरात होता, म्हणजे लोकांच्या भीतीची किंमत प्रीमियममध्ये आधीच धरलेली होती. दुसऱ्या दिवशी निफ्टी तीन टक्क्यांहून जास्त वर गेला आणि विक्सही कोसळला, त्यामुळे पुटना दोन्हीकडून मार बसला. दोन दिवसांत 1 लाख 86 हजार गेले.

पुढे शांतपणे बघितलं तेव्हा यात दोन वेगळी दुखणी दिसली, आणि दोघांचं औषध वेगळं आहे.

पहिलं दुखणं धरून ठेवण्याचं. आपल्या खान्देशात 2022-23च्या हंगामात किती घरांत कापूस साठवलेला होता ते आठवा. आदल्या वर्षी क्विंटलला दहा हजारांवर भाव मिळाला होता, तोच पुन्हा मिळेल म्हणून लोक थांबले. भाव उतरत गेला, घरातल्या कापसाने पोरांच्या अंगाला खाज सुटली, आणि शेवटी कमी भावात द्यावा लागला. तरी त्यांच्या हातात कापूस होता. ऑप्शन हा कापलेला केळीचा घड आहे. रावेर-सावद्याकडे कुणालाही विचारा, घड एकदा उतरवला की भाव वाढेल म्हणून कुणी आठवडाभर थांबत नाही. ऑप्शनचा प्रीमियम तसाच रोज झिजतो, यालाच थीटा म्हणतात, आणि एक्स्पायरी जवळ आली की झीज वाढते. त्यामुळे मी आता सौद्याआधी कोणत्या भावाला निघणार हे लिहितो, आणि त्याच्याशेजारी किती वाजता निघणार हेही. भाव आला नाही तरी वेळ झाली की बाहेर.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. स्टॉप लॉस म्हणजे ठरलेल्या भावाला तोटा थांबवून बाहेर काढणारी ऑर्डर. 2021 पासून एनएसई या शेअर बाजारात ऑप्शनला मिळेल त्या भावात विकणारी स्टॉप लॉस मार्केट ऑर्डर लावता येत नाही, किमान भाव ठरवलेली लिमिटच लावावी लागते. 4 जूनसारख्या दिवशी भाव त्या लिमिटवरून उडी मारून निघून जातो आणि ऑर्डर तशीच लटकते. म्हणून ऑप्शन घेणाऱ्याचा खरा स्टॉप लॉस म्हणजे त्याने किती पैशांचे घेतले तो आकडा. सगळा प्रीमियम शून्य झाला तरी घरात कुणाला कळायची वेळ येणार नाही, एवढेच घ्यायचे. नोव्हेंबर 2024 मध्ये बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने कराराचं एकूण मूल्य किमान 15 लाख केल्यावर निफ्टीचा लॉट, म्हणजे एका वेळी घ्यावे लागणारे कमीत कमी नग, 25 वरून 75वर गेला. आधीच्या हिशेबाने लॉट मोजणाऱ्यांची जोखीम तिथे नकळत तिप्पट झाली.

दुसरं दुखणं पैसे परत मिळवण्याच्या घाईचं. त्यावर मनाचा निग्रह चालत नाही, निदान माझा चालला नाही. मी रस्ते बंद केले. ट्रेडिंगचं बँक खातं वेगळं काढलं, त्यात तीन महिन्यांचे ठरलेले पैसे एकदाच टाकतो. दुकानाचं खातं ब्रोकरकडून काढून टाकलं. बऱ्याच ब्रोकरांच्या ॲपमध्ये किल स्विच असतो. दिवसाचा पहिला तोटा झाला की मी तो दाबतो, मग त्या दिवशी सौदा टाकताच येत नाही. पहिले पंधरा दिवस फार जड गेले, हेही सांगतो.

आणि वही. जुन्या बिलबुकाच्या पाठकोऱ्या कागदांवर मी प्रत्येक सौद्याआधी चार ओळी लिहितो: का घेतोय, किती जाऊ शकतात, कोणत्या भावाला निघणार, किती वाजता निघणार. सौदा संपला की पाचवी ओळ, "नियमाने" किंवा "रागाने". किल स्विच वापरायला लागण्याआधीच्या तीन महिन्यांचं मोजलं तर 58 सौदे झाले होते. त्यातले 17 आधीच्या तोट्यानंतर अर्ध्या तासाच्या आत घेतलेले, आणि जवळपास सगळा तोटा त्या 17 मध्ये होता. ते पान बघितल्यावर मला कुणी समजवायची गरज राहिली नाही. तुमची वही वेगळं काही दाखवेल, पण दाखवेल नक्की.

तुम्ही स्वतःला कमकुवत म्हणवून घेताय, तेवढं मात्र करू नका. सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये जो अभ्यास काढला, त्यात 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडरांपैकी 93 टक्के तोट्यात होते, आणि त्यांचा एकूण तोटा 1.8 लाख कोटींच्या वर. ते सगळे काही रागीट किंवा बेशिस्त नव्हते. शिस्त आली की नफा येतोच असंही नाही. माझंच सांगतो, इतकं करून गेल्या वर्षी ब्रोकरेज आणि एसटीटी (सौद्यावरचा कर) धरून मी किंचित तोट्यातच आहे. सहा महिने वही प्रामाणिकपणे लिहूनही आकडा उणेच राहिला, तर बंद करा. माझ्या मते त्यात कसलीच हार नाही.

झालेला तोटा इन्कम टॅक्सच्या रिटर्नमध्ये मात्र दाखवा. लाजेने लोक लपवतात. ऑप्शनचा तोटा धंद्याच्या तोट्यात धरतात, आयटीआर-3 हा रिटर्नचा फॉर्म मुदतीत भरला तर तो पुढची आठ वर्षं धंद्याच्या उत्पन्नातून वजा करता येतो. सीएला भेटा.

आता घरचं. 5 जूनला रात्री शटर ओढल्यावर मी भावाला खरा आकडा सांगितला, कारण कंपनीचा चेक दोन दिवसांवर होता. तो बराच वेळ गल्ल्यावरच्या सुट्ट्या नोटा मोजत बसला. मग एवढंच म्हणाला, "गयं ते गयं. आते दुकानना गल्लाले हात लाऊ नको." चेकचे पैसे त्याने त्याच्या एफडीतून भरले. मी ते महिन्याला आठ हजारांनी फेडतोय, अजून थोडे राहिलेत.

तुम्ही घरी पन्नास हजार सांगितलेत. उरलेले एक लाख कुणाला कळायच्या आत भरून काढायचे आहेत, म्हणूनच तुमचे हात शिवशिवतात असं मला वाटतं. आज जेवणं झाली की पूर्ण आकडा सांगून टाका, मग उद्या सकाळी नऊला ॲप उघडायचं की नाही ते ठरवा.