हप्ते भरले, मग हे 4,720 रुपये कशाचे?

ग्राहक मार्गदर्शन केंद्रात कर्जाच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांत एक प्रश्न ठरलेला असतो. "थकलेले हप्ते भरून टाकले, पण आता वसुलीवाला स्वतःचे वेगळे पैसे मागतोय. देऊ का?" विचारणाऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा घरूनच ठरवून आलेलं असतं: देऊन टाकावेत, कटकट मिटेल. आमच्याकडून फक्त मान हलवून हवी असते.

इचलकरंजीच्या एक ताई अशाच आल्या होत्या. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. ताई कारखान्यात कांड्या भरतात, त्यांचे मालक, म्हणजे नवरा, यंत्रमागावर. जानेवारी 2025 मध्ये त्यांनी स्कूटर घेतली. शोरूममध्येच टेबल टाकून बसलेल्या फायनान्स कंपनीच्या माणसानं कर्ज करून दिलं, हप्ता 3,150 रुपये. ऑगस्टमध्ये मालकांचं बोट मागात सापडलं, काम बंद, आणि ऑगस्ट-सप्टेंबरचे हप्ते बाऊन्स झाले. दिवाळीचा बोनस हातात पडल्यावर ताईंनी फराळाच्या सामानाआधी कंपनीची शाखा गाठली. थकलेले हप्ते, बाऊन्स चार्जेस आणि दंड, सगळं भरलं, पावती घेतली.

आठवडाभरात वसुली एजन्सीच्या माणसाचा व्हॉट्सॲप आला. 'फील्ड व्हिजिट व कलेक्शन चार्जेस 4,000, जीएसटी 18 टक्के 720, एकूण 4,720. आज भरा, नाहीतर गाडी उचलली जाईल.' खाली क्यूआर कोड. मी कोड मोठा करून बघितला तर त्यावर एजन्सीचंही नाव नव्हतं, एका व्यक्तीचं होतं.

"परवा रात्री साडेआठला दारात आला होता," ताई म्हणाल्या. "गल्लीतली सगळी बघत होती. मालक तर त्या दिवसापासनं बोलतच नाहीत. भाऊ म्हणतोय, मी देतो पैसे. देऊन टाकू काय मॅडम?"

मी म्हटलं, देऊ नका. निदान आज नको. आधी हे पैसे कुणाचे, ते बघू.

इथंच बरेच जण गोंधळतात. वसुली एजन्सीला कामावर ठेवते कंपनी, तिचं कमिशन ठरवते कंपनी. ताईंचा करार कंपनीशी आहे, एजन्सीशी त्यांचा एक कागदसुद्धा नाही. त्यामुळे एजन्सीला आपल्या नावानं, आपल्या मनानं ताईंकडे बिल लावताच येत नाही. लावायचंच तर ते कंपनीनं, करारात लिहिलेल्या आकारानुसार आणि कर्जाच्या खात्यात दाखवून लावायचं. मोबाइल ॲपवरून घेतलेल्या कर्जांत तर रिझर्व्ह बँकेचा नियम आणखी सरळ आहे: मध्यस्थाची फी कर्ज देणाऱ्यानं भरायची, मध्यस्थानं ती ग्राहकाकडून थेट घ्यायची नाही.

त्या 720 रुपयांच्या जीएसटीचं तर मला हसूच आलं. वसुली एजंट बँकेला किंवा फायनान्स कंपनीला जी सेवा देतो, तिच्यावरचा कर 'रिव्हर्स चार्ज'नं त्या बँकेनं किंवा कंपनीनंच सरकारला भरायचा असतो. तो ताईंच्या बिलात येतोच कुठून? पण टक्केवारी घालून बेरीज मांडली की मागणी सरकारी वाटते, आणि माणूस घाबरतो.

ताईंकडे प्लास्टिकच्या पिशवीत कर्जाचे कागद होते. त्यात मला हवा होता तो केएफएस, म्हणजे की फॅक्ट्स स्टेटमेंट, कर्जाचे सगळे आकार एका जागी सांगणारा कागद. रिझर्व्ह बँकेनं 15 एप्रिल 2024 ला परिपत्रक काढून 1 ऑक्टोबर 2024 पासून मंजूर होणाऱ्या सगळ्या नव्या किरकोळ कर्जांना हा कागद बंधनकारक केला. कर्जदाराला समजेल अशा भाषेत तो द्यायचा असतो. त्यातलं आपल्या कामाचं वाक्य असं, की जो आकार या कागदात नाही, तो कर्जाच्या मुदतीत कधीही कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. ताईंचं कर्ज जानेवारीतलं, म्हणजे नियमात बसणारं. कागदात दंड किती, बाऊन्स चार्ज किती, मुदतीआधी कर्ज फेडलं तर किती, हे सगळं होतं. 'इतर कोणतेही आकार' या ओळीपुढे छापलं होतं: 'लागू नाही'.

मी त्या ओळीवर बोट ठेवलं, ताईंनी चष्मा लावून ती दोनदा वाचली.

मग एक अडचण निघाली. एजंटाच्या मेसेजला ताईंनी उत्तर दिलं होतं, 'पगार झाल्यावर बघू'. घाबरलेला माणूस असं लिहितो, त्यात त्यांची चूक नाही. 'बघू' म्हणजे संमती नव्हे, हे मी त्यांना सांगितलं. पण असे मेसेज पुढे करून 'ग्राहकानं कबूल केलं होतं' म्हणणारे भेटतात, म्हणून आमच्याकडे येणाऱ्यांना मी सांगते की मान्य नसलेल्या रकमेवर 'ओके', 'भरते', 'थोडं कमी करा' यातलं काही लिहू नका. कमी करा म्हटलं की मूळ मागणी मान्य केल्यासारखं होतं.

आम्ही बोलत असतानाच त्याचा फोन आला. ताईंनी माझ्याकडे बघितलं. मी स्पीकर लावायला सांगितलं आणि एका चिठ्ठीवर प्रश्न लिहून दिला.

"दादा, हे पैसे करारातल्या कुठल्या कलमाचे?"

"अहो ताई, आम्ही दोनदा येऊन गेलो, त्याचे आहेत."

"कलम कुठलं?"

"ते तुम्ही कंपनीला विचारा."

"बरं, मग कंपनीलाच विचारतो," ताई म्हणाल्या आणि फोन ठेवला. ठेवताना हात थरथरत होता, पण आवाज नाही.

तक्रार कुणाला पाठवायची, याचं उत्तरही केएफएसमध्येच असतं. त्याच्या दुसऱ्या भागात तक्रार निवारण अधिकाऱ्याचा फोन आणि ईमेल छापलेला असतो, आणि वसुली एजंट नेमण्याबद्दलचं करारातलं कलम कुठलं तेही. आम्ही लिहिलेला मजकूर एवढाच होता:

'माझ्या कर्जखात्याचे ऑगस्ट व सप्टेंबर 2025 चे हप्ते, बाऊन्स चार्जेस व दंड मी भरले आहेत, पावती जोडली आहे. आपल्या वतीने वसुली करणाऱ्या एजन्सीने माझ्याकडे आणखी 4,720 रुपये मागितले आहेत. ही रक्कम मला मान्य नाही. ती करारातील कोणत्या कलमानुसार आणि केएफएसमधील कोणत्या ओळीनुसार आहे, हे लेखी कळवावे. खात्याचा संपूर्ण उतारा द्यावा. उत्तर मिळेपर्यंत या रकमेसाठी माझ्याशी संपर्क करू नये, असे एजन्सीला कळवावे.'

खाली एक वेगळा परिच्छेद, रात्री साडेआठच्या फेरीबद्दल. थकीत कर्जासाठी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायचे नाहीत, धमकी द्यायची नाही, चारचौघांत अपमान करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेनं 12 ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकात बजावलं आहे, आणि एजंटाच्या वागण्याची जबाबदारी त्याला नेमणाऱ्या संस्थेवर टाकली आहे. व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट जोडले, त्यात तो क्यूआर कोडही होता. माझ्या मते कंपनीला खरा चटका त्या कोडचा बसला. वसुलीचे पैसे खाजगी खात्यात जाताहेत, हे कुठल्याच कंपनीला परवडत नाही.

कंपनीचं पहिलं उत्तर अपेक्षेप्रमाणे गुळमुळीत आलं. करारात 'वसुलीचा खर्च कर्जदाराने सोसावा' असं कलम आहे, म्हणे. असं कलम बऱ्याच करारांत असतं, आणि ते दाखवलं की लोक गप्प बसतात. आम्ही परत लिहिलं: कलमात आकडा नाही, केएफएसमध्ये तर 'लागू नाही' आहे आणि स्पष्ट संमती दिलेली नाही, तेव्हा 15 एप्रिल 2024 च्या परिपत्रकानुसार उत्तर द्या, नाहीतर आम्ही रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जातो.

जावं लागलं नाही. पण रस्ता सांगून ठेवते. कंपनीनं 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा पटणारं दिलं नाही, तर या लोकपालांकडे सीएमएस पोर्टलवर, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या तक्रारींच्या वेबसाइटवर, तक्रार करता येते. पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही, पोस्टानं पाठवलेली मराठीतली तक्रारही चालते. माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे. आपल्या भागात पतसंस्थांची कर्जं भरपूर, त्यांच्या तक्रारी मात्र इथं चालत नाहीत. त्यासाठी सहकार खात्याचं उपनिबंधक कार्यालय.

या मधल्या काळात ताईंना दोन भीती होत्या. एक गाडीची. थकबाकी शून्य असताना गाडी उचलायला आधारच नाही, म्हणून शाखेतली पावती गाडीच्या डिकीत ठेवायला सांगितली. दुसरी पोलिसांची, कारण एजंट 'आत टाकू' म्हणाला होता. कर्ज थकणं हा गुन्हा नाही. खात्यात पैसे नसल्यानं चेक किंवा हप्त्याचं मॅन्डेट (खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी) परत गेलं तर खटला होऊ शकतो, हे खरं आहे, आणि ते मी लपवत नाही. पण तोही नोटीस देऊन, मुदतीत पैसे न भरल्यावर. इथे तर हप्ते भरून झाले होते आणि वाद एजन्सीच्या फेऱ्यांच्या पैशांचा होता.

खात्याचा उतारा आला तेव्हा एक गंमत सापडली. दोन महिन्यांच्या दंडावर कंपनीनं 54 रुपये जीएसटी लावला होता. जैसलमेरला डिसेंबर 2024 मध्ये झालेल्या जीएसटी परिषदेच्या बैठकीनंतर, 28 जानेवारी 2025 च्या परिपत्रकानं स्पष्ट झालं आहे की बँका आणि फायनान्स कंपन्यांच्या अशा दंडावर जीएसटी लागत नाही. तेही लिहून पाठवलं. ताई म्हणाल्या, "चोपन्न रुपयांसाठी कशाला मॅडम?" मी म्हटलं, असेच हजारो गिऱ्हाइकांना लावले असतील तर?

बाऊन्स चार्जेस परत मिळावेत, असंही भावाचं म्हणणं होतं. त्याला मी नाही म्हटलं. ते केएफएसमध्ये आकड्यासह लिहिलेले होते, हप्ते खरंच बाऊन्स झाले होते. देणं असेल ते द्यायचंच; दोन्हींची सरमिसळ केली की खऱ्या तक्रारीचाही जोर जातो.

शेवटी कंपनीचा ईमेल आला: 4,720 रुपयांची मागणी मागे घेतली आहे, खात्यावर कोणतीही थकबाकी नाही, 54 रुपये पुढच्या हप्त्यात वळते केले जातील. एजंटाबद्दल 'योग्य ती कार्यवाही' एवढंच. तो परत आला नाही.

सिबिलची धास्ती राहिली होती. सिबिलसारख्या प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो, तो मुलीच्या मोबाइलवर काढला. थकीत रकमेच्या रकान्यात शून्य. ऑगस्ट आणि सप्टेंबरपुढे मात्र उशिराची नोंद होती. "हे पुसता येत नाही काय?" ताईंनी विचारलं. नाही येत. हप्ते उशिरा गेले होते, त्यामुळे नोंद खरी आहे, आणि अहवालात 36 महिन्यांचा इतिहास दिसतो. चुकीची असती तर दुरुस्तीचा अर्ज केला असता, 30 दिवसांत दुरुस्त झाली नसती तर दिवसाला 100 रुपये भरपाईही मागितली असती.

"मग राहू दे," म्हणाल्या, आणि केएफएसची एक झेरॉक्स भावासाठी मागून घेतली. त्याचंही मोबाइलचं कर्ज चालू आहे.